रक्तपेशीच्या अंतरंगात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत बरगी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय मी कळविला, तेव्हा आपल्या कार्यवाहांनी जरा संकोचानेच विचारले, "साहेब, आपण बी. ए.; सारी नोकरी लेखा खात्यात झाली. पेशीतील पटले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हे प्रकरण आपण कशासाठी काढलेत?" प्रश्न रास्त होता. मी शास्त्रज्ञ नाही आणि डॉक्टर तर नाहीच. परंतु दुसऱ्यांनी मांडलेले आकडे धीराने वाचायचे आणि कोणत्या रकमेसमोर कोणती पावती जोडली आहे ते पाहायचे, या कामाची मला तीस वर्षांची सवय आहे. त्या सवयीनेच मी हा विषय वाचला आणि माझ्यासारख्याला समजेल अशाच भाषेत तो आपणापुढे ठेवणार आहे.

विषय निवडण्याचे खरे कारण मात्र निराळे आहे. आपल्या परिचयातील एका घरी गेल्या वर्षी ठरत आलेले लग्न मोडले. मुलीच्या रक्ततपासणीच्या कागदावर 'सिकल' हा शब्द निघाला, एवढेच निमित्त. मुलीला कोणताही आजार नव्हता आणि आजही नाही. मुलाचे रक्त कोणी तपासले नाही. तपासावे असे कोणाला वाटलेसुद्धा नाही. "त्यांच्या रक्तातच खोट आहे" असे चार घरी बोलले गेले आणि प्रकरण मिटले. रक्तातली ही तथाकथित खोट नेमकी असते तरी काय, ती कोणी पाहिली, कशी पाहिली, आणि जे दिसले त्याला खोट म्हणावे की आणखी काही, याचा शोध घेताना मी जेथे जाऊन पोहोचलो ते स्थळ म्हणजे मानवी पेशीच्या आतील पटले. तेथपर्यंत आपणा सर्वांना घेऊन जावयाचे आहे. वाट थोडी लांबची आहे, परंतु अवघड नाही.

प्रथम उपकरणाविषयी. आपण शाळेत जो सूक्ष्मदर्शक पाहिला तो प्रकाशावर चालतो. त्याची भिंगे कितीही उत्तम घासली तरी त्याला एक मर्यादा आहे. प्रकाशाच्या लहरींपेक्षा पुष्कळ लहान अशी वस्तू त्या लहरी दाखवूच शकत नाहीत. साधारणपणे २०० नॅनोमीटरच्या आतल्या दोन वस्तू त्यात एकच दिसू लागतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. समुद्राच्या लाटेने नांगरून ठेवलेल्या जहाजाचा आकार कळेल, पाण्यातल्या काडीचा कळणार नाही, तसेच हे आहे. जर्मनीत १९३१ मध्ये मॅक्स नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत आणि काचेच्या भिंगांऐवजी विद्युतचुंबकांची भिंगे वापरून पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. इलेक्ट्रॉनांची लहर प्रकाशाच्या लहरीपेक्षा हजारो पटींनी आखूड असते. रुस्का यांना याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ मध्ये, म्हणजे तब्बल पंचावन्न वर्षांनी. सरकारी खात्यातील बढत्यांना उशीर होतो म्हणून कुरकुरणाऱ्या आम्हां मंडळींना यातून थोडा दिलासा घेता येईल.

उपकरण मिळाले तरी पेशी त्यात ठेवणे सोपे नव्हते. इलेक्ट्रॉनांचा झोत हवेत टिकत नाही, म्हणून आत निर्वात पोकळी हवी. आणि निर्वात पोकळीत ओली पेशी क्षणभरही तग धरणार नाही. शिवाय झोत आरपार जायचा तर काप अतिशय पातळ हवा. या अडचणींतून वाट काढायला दहापंधरा वर्षे लागली. पेशीसमूहाचा कण आधी रसायनात बुडवून जागच्या जागी स्थिर करतात, त्यातील पाणी अल्कोहोलने काढून टाकतात, राळेसारख्या द्रव्यात तो मुरवून कठीण करतात आणि मग काचेच्या अथवा हिऱ्याच्या सुरीने त्याचे साठसत्तर नॅनोमीटर जाडीचे काप काढतात. असे हजार काप एकावर एक ठेवले तर जाडी आपल्या केसाएवढी भरेल. हे काप तीन मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर उचलून घेतात. पेशीतील पटले दिसावीत म्हणून ऑस्मियमसारख्या जड धातूची संयुगे वापरतात. ती पटलांना चिकटतात, इलेक्ट्रॉनांना अडवितात, आणि चित्रात त्या जागी काळी रेघ उमटते.

येथे पटल या शब्दाविषयी दोन शब्द बोलतो. आपल्या विश्वकोशाने पेशीला 'कोशिका' म्हटले, क्रमिक पुस्तकांनी 'पेशी' म्हटले; मी रूढ शब्द घेतला आहे. पटल म्हणजे पेशीला वेढणारा आणि पेशीच्या आतही पसरलेला स्निग्ध द्रव्याचा दुहेरी पापुद्रा. त्याची जाडी सातआठ नॅनोमीटर. तेव्हा साध्या सूक्ष्मदर्शकातून तो कधीच दिसणे शक्य नव्हते. पेशी म्हणजे एक पिशवी, आत चिकट रस आणि मध्ये केंद्रक, एवढेच चित्र पूर्वीच्या पिढीपुढे होते. इटलीत कामिल्लो गॉल्जी यांनी १८९८ मध्ये मज्जापेशीत एक जाळी पाहिल्याचे सांगितले, आणि पुढे पन्नास वर्षे विद्वान भांडत राहिले की ही जाळी खरी की रंगाचा डाग.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९४५ मध्ये पोर्टर, क्लॉड आणि फुलम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अख्ख्या पेशीचे चित्र काढले, तेव्हा तिच्या आत लेसच्या विणीसारखे काहीतरी पसरलेले दिसले. पुढे त्यालाच आंतर्द्रव्यजालिका हे नाव मिळाले. १९५२ च्या सुमारास जॉर्ज पॅलेड यांनी तंतुकणिकेच्या आत पटलाच्या घड्या दाखविल्या. आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायू शेवटी खर्ची पडतो तो या घड्यांवर. गॉल्जींची जाळीही खरी ठरली. चपट्या पिशव्यांची ती चवड होती. पिशवी समजलेली पेशी हा वस्तुतः जुन्या पद्धतीचा चौसोपी वाडा निघाला. माजघर निराळे, कोठीघर निराळे, सैपाकघर निराळे. आणि प्रत्येक भिंत म्हणजे पटल. यकृताच्या पेशीतील सर्व पटले मोजली तर बाहेरच्या भिंतीचा वाटा जेमतेम दोन टक्के भरतो. बाकी सारा पसारा आत आहे. क्लॉड, पॅलेड आणि द दूव्ह यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामासाठी.

अर्थात मेलेल्या, वाळविलेल्या, धातूने माखलेल्या पेशीचे चित्र जिवंत पेशीविषयी किती खरे बोलते, ही शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेलच. ती रास्त आहे. जिवाणूंच्या आत 'मेसोसोम' नावाच्या पटलांच्या गुंडाळ्या दिसतात असे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. त्या गुंडाळ्या तयारीच्या रसायनांमुळेच उत्पन्न होतात असे पुढे सिद्ध झाले. पावती खरी दिसते म्हणून व्यवहार खरा असतोच असे नाही, हे आमच्या खात्यात रोज शिकायला मिळते. आता यावर नवा उपाय निघाला आहे. पेशी इतक्या झपाट्याने गोठवितात की पाण्याचे स्फटिक बनायलाही सवड मिळत नाही, आणि गोठलेल्या स्थितीतच, धातूचा लेप न देता, तिचे चित्र घेतात. २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल या पद्धतीला मिळाले. नमुना थोडाथोडा कलवून अनेक चित्रे घेतली की त्यांतून पटलांची लांबी, रुंदी आणि खोली ही तिन्ही उभी करता येतात. या पद्धतीचे काम पुढे पडणार आहे, म्हणून ती ध्यानात असू द्यावी.

आपल्या देशात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची मुहूर्तमेढ कलकत्त्यास नीरजनाथ दासगुप्त यांनी रोवली. वैद्यकाच्या क्षेत्रात मात्र ते श्रेय मुंबईकडे जाते, आणि त्यात आपणां मराठी माणसांना अभिमान वाटावा असा भाग आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे गोमंतकीय विकृतिशास्त्रज्ञ टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले ते त्यांच्या नेतृत्वाखाली. त्यांच्या हाताखाली दोन स्त्रिया तयार झाल्या. पुण्याच्या समर्थांच्या घरच्या कमल रणदिवे यांनी पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. दुसऱ्या डॉ. सत्यवती शिरसाट. जन्म कराचीचा, माहेर गुजराती. लंडनला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाचे शिक्षण घेऊन त्या परत आल्या आणि कर्कपेशींचे अंतरंग पाहण्याची प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत चालविली. सुपारीच्या सवयीने तोंड आखडते, त्या विकारात तोंडाच्या आतील ऊतींत काय घडते याचा त्यांनी खानोलकरांसमवेत केलेला अभ्यास आजही आधाराला घेतला जातो. ज्या काळात आपल्याकडे मुलींना विज्ञान शाखेला घालावे की नाही यावर घरोघर बैठका बसत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

आता आपल्या मूळ विषयाकडे, तांबड्या रक्तपेशीकडे वळतो.

मघाशी पेशीला चौसोपी वाडा म्हटले. तांबडी रक्तपेशी याला अपवाद आहे. हाडांच्या मगजात ती जन्मते तेव्हा तिच्यात सारे काही असते; परंतु रक्तप्रवाहात उतरण्यापूर्वी ती आपले केंद्रक बाहेर टाकते, मागोमाग तंतुकणिका, जालिका, सारे सामान मोडीत काढते, आणि सगळी जागा हिमोग्लोबिनला मोकळी करून देते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू मावतात. आत एकही आडभिंत नाही. बाहेर तेवढे एक लवचिक पटल आणि त्याला आतून आधार देणारी प्रथिनांची जाळी. या लवचिकपणाच्या बळावर ती स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून अंग चोरून पार होते आणि असे १२० दिवस काम करते.

सिकलच्या विकारात यातले हिमोग्लोबिन बदललेले असते. शिकागोत जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. 'सिकल' म्हणजे विळा. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखविले की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, आणि काही वर्षांतच व्हर्नन इंग्राम यांनी तो नेमका कोठे आहे तेही शोधून काढले. १४६ दुव्यांच्या एका साखळीत सहावा दुवा बदललेला, बाकी १४५ जसेच्या तसे. एवढ्याने काय होते? प्राणवायू सोडून दिल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून दोर वळू लागतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हे दोर स्पष्ट दिसतात. प्रत्येक दोर चौदा धाग्यांचा आणि जाडी वीसएक नॅनोमीटर. असे दोर आतून रेटू लागले की पेशीचे पटल ताणले जाऊन तिचा विळा होतो, ती केशवाहिनीत अडकते, आणि त्यापुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते. दहापंधरा दिवसांत अशी पेशी मोडते. रुग्णाला पांडुरोग तर जडतोच, पण हाडांत, पाठीत, पोटात ज्या असह्य कळा येतात त्यांचे कारण हे आहे. वरून काही दिसत नसल्यामुळे "शाळा चुकविण्याची सोंगे" म्हणून अशा मुलांना कित्येक घरांत बोल लागलेले आहेत. केसाहून हजारो पटींनी बारीक दोर ज्यांच्या अंगात वळले जात आहेत, त्या मुलांना आपण सोंगाडे म्हणतो.

परंतु हे सारे आईकडून आणि बापाकडून, अशा दोन्ही बाजूंनी बदललेला गुणदोष आला तर. एकाच बाजूने आला तर ती व्यक्ती केवळ वाहक असते. तिच्या पेशींत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन चांगले असते, दोर सहसा वळले जात नाहीत, पेशी पुरते दिवस जगते आणि ती व्यक्ती आपल्यासारखीच धडधाकट असते. ज्या मुलीचे लग्न मोडले ती वाहक होती, रुग्ण नव्हती. कागदावरच्या एका शब्दात हा फरक मावला नाही.

भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीतील आदिवासींची. मध्य भारतातील वाहकांविषयी नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात लिहिले. त्याच्या दोनच वर्षे आधीपर्यंत नागपूर ही आपल्या जबलपूरचीही राजधानी होती, हे ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. प्रांत तुटले, रक्ताची नाती तुटत नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून बालाघाट, शिवनी, मंडल्यापर्यंत हा एकच पट्टा आहे. काही समाजांत शंभरांत वीस किंवा त्याहूनही अधिक माणसे वाहक आढळली आहेत. हा विकार केवळ आदिवासींचा, ही समजूत विदर्भातील पाहण्यांनी खोटी ठरविली आहे. तो अनेक जातींत आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांना संघटित करण्यात आयुष्य वेचले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पदव्यांचा आधार नसताना हे घडले, म्हणून त्याचे मोल मला अधिक वाटते.

एवढा घातक गुणदोष या पट्ट्यात इतका टिकला कसा? निसर्गाचा जमाखर्च असा की निव्वळ तोट्याची नोंद पिढ्यान् पिढ्या पुढे ओढली जात नाही. याचे उत्तर १९५४ मध्ये ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दिले: जेथे मलेरिया तेथे सिकल. वाहक असलेल्या मुलांना जिवावर बेतणारा मलेरिया क्वचितच होतो. आफ्रिकेतील पाहण्यांत हे संरक्षण ९० टक्क्यांच्या घरात भरले आहे.

मलेरिया आपल्याला परका नाही. आपण आज ज्या बरगीत बसलो आहोत, तेथून जवळच नर्मदेवर ६९ मीटर उंचीचे आणि सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीचे धरण उभे आहे. १९९० मध्ये पाणी साठू लागले. जबलपूर, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ लागली. त्या माणसांच्या वाट्याला काय आले हा निराळ्या भाषणाचा विषय आहे. येथे एवढेच सांगतो की जलाशयाच्या काठावर डासांना नवी घरे मिळाली. जबलपूरला नागपूर रस्त्यावर आदिवासींच्या आरोग्यासाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९८४ मध्ये संस्था काढली. तिच्या परिसरात मलेरियावर काम करणाऱ्या डॉ. नीरू सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरगी धरणाच्या काठची गावे आणि दूरची गावे यांची तुलना करून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काठच्या गावांत मलेरिया वाढला होता, आणि त्यात फॅल्सिपॅरम या घातक जातीचा वाटाही वाढला होता. ('बर्गी' म्हणजे बंगालवर चालून गेलेले मराठे घोडेस्वार. त्या शब्दाशी या गावाचे नाव जोडण्याचा मोह मी आवरतो. डासांच्या स्वारीशी तर मुळीच जोडत नाही.)

फॅल्सिपॅरमचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो. आत काय आहे? रिकामा वाडा. भिंती नाहीत, सामान नाही, वाहतुकीची सोय नाही. हा भाडेकरू मग स्वतःच बांधकाम काढतो. आत शिरताना पेशीच्या पटलाचीच एक पिशवी तो आपल्याभोवती करून घेतो. नंतर पेशीच्या रसात चपट्या, दुमडलेल्या पटलांच्या थैल्या उभारतो. गेऑर्ग माउरर नावाच्या जर्मन डॉक्टरला १९०२ मध्ये साध्या सूक्ष्मदर्शकातून बाधित पेशीत काही ठिपके दिसले होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले की ते ठिपके म्हणजे याच थैल्या. त्यांना 'माउररच्या फटी' म्हणतात. १९६६ मध्ये विल्यम ट्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातील पेशींची चित्रे काढली, त्यांत बाधित पेशीच्या बाहेरील पटलावर बारीक उंचवटे दिसले. प्रत्येक उंचवटा सुमारे शंभर नॅनोमीटरचा. आतल्या थैल्या आणि बाहेरचे उंचवटे यांचा संबंध हळूहळू उलगडत गेला. जंतू एक चिकट प्रथिन तयार करतो, ते फटींमध्ये साठवितो, तेथून बाहेरच्या उंचवट्यांवर नेऊन बसवितो, आणि त्या चिकटपणाच्या आधारे बाधित पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून राहते. असे का? कारण प्रवाहाबरोबर वाहत गेली तर प्लीहा तिला पकडून नष्ट करील. मेंदूच्या केशवाहिन्यांत अशा पेशी चिकटून बसल्या म्हणजे मेंदूचा मलेरिया होतो.

आता गोठविलेल्या पेशींची ती पद्धत आठवावी. हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०११ मध्ये 'सायन्स' या पत्रात तिने काढलेली चित्रे प्रसिद्ध केली. साधे हिमोग्लोबिन असलेल्या बाधित पेशीत जंतूने एक लबाडी केलेली दिसली. पेशीच्या पटलाला आतून आधार देणाऱ्या जाळीतले ॲक्टिन नावाचे प्रथिन पळवून त्याने त्याचे लांब तंतू वळले होते, आणि फटीपासून उंचवट्यापर्यंत त्यांचे पूल टाकले होते. माल वाहून नेण्याचा मार्ग तो हाच. सिकलचे हिमोग्लोबिन आणि त्याचेच भाऊबंद असलेले 'सी' हिमोग्लोबिन ज्यांत आहे त्या पेशींत मात्र हे पूल नीट बांधलेच गेले नव्हते. तंतू आखूड आणि विस्कळीत होते, फटी सैरभैर विखुरलेल्या होत्या. वाहकांच्या बाधित पेशींवर ते चिकट प्रथिन कमी बसते आणि त्या भिंतीला कमी चिकटतात, हे त्याआधीच निराळ्या प्रयोगांनी दिसून आले होते. चित्रांनी त्याचे कारण डोळ्यांपुढे मांडले.

संरक्षणाचे हे एकमेव कारण आहे असे कोणी समजू नये. प्राणवायू कमी असलेल्या जागी वाहकाच्या पेशीत जंतूची वाढ खुंटते, आणि बाधित पेशी प्लीहा लवकर काढून टाकते, हीही कारणे अभ्यासकांनी दाखविली आहेत. बहुधा ही सारी एकत्र काम करीत असावीत. परंतु मला स्वतःला त्या विस्कटलेल्या पुलांनी थक्क केले. ज्याला आपण खोट म्हणतो तिने शेकडो पिढ्या या नर्मदाकाठच्या आणि वैनगंगाकाठच्या जंगलांत तापाच्या हंगामात मुले जगविली. त्या मुलांचे वंशज आज आपल्या आजूबाजूला आहेत, आपल्यांतही आहेत.

आता व्यवहाराचे बोलू. नवरा-बायकोपैकी एकच वाहक असेल, तर त्यांच्या कोणत्याही मुलाला हा आजार होत नाही. फार तर काही मुले वाहक होतील. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी आजारी मूल होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन, आणि अगदी मोकळे होण्याची चारांत एक. ही शक्यता दर खेपेस नव्याने मोजायची असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब येथे चालत नाही. म्हणून त्या मुलीच्या बाबतीत विचारायचा प्रश्न एकच होता: मुलगाही वाहक आहे काय? तो नसता, तर या कारणासाठी लग्न मोडण्याला शास्त्राचा तिळमात्र आधार नव्हता. आणि आपल्या समाजात असे प्रश्न मुलीच्याच कागदावर विचारले जातात, मुलाच्या नाही, हेही जाता जाता नमूद करतो.

तपासणी अवघड नाही. प्रथम एक साधी परीक्षा करतात, तीत रक्त मिसळल्यावर द्रव गढूळ झाला तर संशय धरतात. मात्र ती परीक्षा वाहक आणि रुग्ण यांत भेद करीत नाही, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखविणारी तपासणी करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच प्रदेशात, शहडोल येथे, सिकल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला; सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट तीत ठेवले आहे.

आपल्या मंडळाच्या वधू-वर सूचीत रक्ताचा हा रकाना घालावा अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. हेतू चांगला असला तरी माझा तिला विरोध आहे. रकाना छापला की तो चार घरी वाचला जाईल, आणि वाहक आणि रुग्ण यांतला भेद पुन्हा त्या एका शब्दात बुडून जाईल. प्रत्येक घराने आपल्या मुलामुलींची तपासणी वयात आल्यावर करून घ्यावी, कागद घरात ठेवावा, आणि बोलणी पुढे सरकली की दोन्ही बाजूंनी तो एकमेकांना दाखवावा. पत्रिका जुळविताना आपण छत्तीस गुण मोजतो. हा सदतिसावा त्यांत धरला, तर ज्योतिषीबुवांचीही हरकत असू नये.

(भाषणानंतर विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन येथे देत आहे.)

एका भगिनीने विचारले: वाहकच उरले नाहीत, तर मलेरिया पुन्हा माजेल काय? नाही. वाहकाचे संरक्षण त्याच्यापुरतेच असते, गावाला त्याचा आडोसा मिळत नाही. मलेरिया आवरतो तो मच्छरदाणीने, फवारणीने, घरोघर रक्त तपासण्याने आणि वेळेवर औषधे देण्याने. मंडला जिल्ह्यात २०१७ पासून या मार्गाने मोठी मोहीम चालली आणि तेथील मलेरिया पुष्कळ ओसरला.

दुसरा प्रश्न एका तरुण गृहस्थांचा होता: दोघेही वाहक आहेत आणि लग्न होऊन गेले आहे, तर काय? गर्भारपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयांत करता येते. पुढचा निर्णय त्या आईबापांचा. ती तपासणी केली नसेल, तर बाळ जन्मताच त्याच्या टाचेतील रक्ताचा थेंब तपासून घ्यावा. आजार लवकर कळला तर पहिल्या काही महिन्यांतच पेनिसिलिन सुरू करता येते आणि लसी वेळेवर देता येतात. पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने कळांचे झटके कमी करता येतात. जनुकावरच इलाज करणाऱ्या उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, परंतु त्याचा खर्च कोट्यवधींच्या घरात जातो. तूर्त पाणी भरपूर पाजणे, थंडीपासून जपणे, ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठणे आणि कळा येत आहेत असे मूल म्हणाले की ते खरे मानणे, एवढे घरी करता येण्यासारखे आहे.